पहिली हवाईयन गिटार: १२,००० रुपयांत काय तपासावं, कशावर खर्च करू नये

विचारणारे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले आहेत. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि आता त्यांना मांडीवर आडवी ठेवून रॉडनं, म्हणजे तारांवर सरकवायच्या धातूच्या दांड्यानं, वाजवायची गिटार शिकायची आहे. भावगीतं आणि अभंगांच्या चाली वाजवायचा विचार आहे. खर्चाची तयारी १२,००० रुपयांची. समोर तीन वाटा आहेत: ऑनलाइन दिसणारी परदेशी बनावटीची २२.५ इंची (तारेची वाजती लांबी) इलेक्ट्रिक लॅप स्टील, म्हणजे मांडीवरची विजेवर वाजणारी गिटार, बेळगावच्या दुकानात टांगलेली कोलकात्याची लाकडी हवाईयन गिटार, आणि मान वाकली म्हणून घरात पडून असलेली साधी गिटार. प्रश्न एका ओळीचा आहे: 'कुठलं मॉडेल घेऊ?'

मॉडेलचं नाव घेऊन हे सुटणार नाही, कारण अडचण मॉडेलची नाहीच. साध्या गिटारवर पडदा, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, सूर ठरवतो, बोट थोडं मागंपुढं झालं तरी चालतं. इथं तार पडद्याला टेकतच नाही. रॉड जिथं ठेवाल तिथं सूर. त्यामुळे पहिले काही महिने बेसूर ऐकू येणारच, आणि तेव्हा चूक हाताची की वाद्याची हे शिकणाऱ्याला कळत नाही. पहिल्या वाद्याकडून अपेक्षा एवढीच की दोष असलाच तर तो हाताचा असावा. म्हणून आवाज किती गोड, लाकूड कुठलं, हे प्रश्न मागं ठेवा. तारांची पातळी, मानेवरच्या खुणांची (पडद्यांची) जागा, खुंट्या आणि ब्रिज (पेटीवरची तारा धरणारी घोडी) या चार गोष्टी ठीक असतील तर स्वस्त वाद्यावर उत्तम शिकता येतं. त्या बिघडलेल्या असतील तर महागडं वाद्यही डोकेदुखी.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी दोन. घरी बसून वाजवणार असाल तर लाकडी पेटीची गिटार पुरते, वीज नको, ॲम्प्लिफायर नको. मंडळात टाळ-मृदंगाबरोबर वाजवायचं असेल तर लाकडी गिटारचा आवाज त्यात ऐकूच येणार नाही. तिथं पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग) लागतो, म्हणजे पुढं ॲम्प्लिफायरही. दुसरी गोष्ट, घरची गिटार स्टीलच्या तारांची आहे की नायलॉनची? प्रश्नात ते नाही, आणि माझं उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं.

माझा कल घरच्या गिटारकडे आहे. मान वाकली आणि तारा पडद्यांपासून फार वर गेल्या म्हणून जी गिटार बाद झाली, ती या कामाला चालते, कारण इथं तारा मुद्दाम वरच उचलायच्या असतात. झिजलेले पडदे, वाकलेली मान, सगळं माफ. माफ नाही ते इतकंच: मान आणि पेटीचा सांधा उघडलेला नको, आणि ब्रिज उखडायला आलेला नको. सांध्यात आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकवून बघा. कार्ड आत गेलं तर तारांचा ताण तो सांधा आज ना उद्या उघडणार. ब्रिजमागं पेटीचा माथा किंचित फुगलेला बहुतेक जुन्या गिटारमध्ये असतो, त्याला घाबरू नका. ब्रिज पुढं झुकलेला दिसला तर मात्र सोडा. पेटीवर बोटाच्या सांध्यानं सगळीकडे टकटक करून ऐका. आत काही खडखडलं तर आतली पट्टी सुटलेली आहे. ती गोंद आणि क्लॅम्पनं बसते, पण खर्चात धरा.

नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर हा नाद सोडा. स्टीलच्या १२–५३ जाडीच्या (इंचाचे हजारांश, सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार) संचाचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा साधारण ४० किलो. त्या ब्रिजवर स्टीलच्या तारा चढवल्या की तो उखडतो. आणि नायलॉनच्या तारांवर रॉड नीट बोलत नाही.

गिटार स्टीलची असेल तर तिच्या नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बसणारा धातूचा उंच नट घ्यायचा. दुकानात 'नट रेझर' किंवा 'हवाईयन नट' म्हणून मागा, काहीशे रुपयांत मिळतो. चिकटवायचा नसतो, तारा सैल करायच्या, जुन्या नटवर तो बसवायचा, तारा त्याच्या खाचांत घालून पुन्हा ताणायच्या. तारा पडद्यांपासून किमान ८ मिलिमीटर वर आल्या पाहिजेत, नाहीतर जोर पडल्यावर रॉड पडद्यावर आपटतो.

इथपर्यंतचं काम बहुतेक जण करतात. पुढचं राहून जातं, आणि तिथंच नवशिका अडकतो. साध्या गिटारच्या ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, सपाट नसते. बोटांच्या सोयीसाठी तिला वरून कमानीसारखा गोलावा दिलेला असतो. तो बहुधा १२ ते १६ इंच त्रिज्येचा असतो. तारांची रुंदी ५२ मिलिमीटर धरली तर मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा जवळजवळ १ मिलिमीटर वर राहतात. नटाकडे सगळं सपाट, ब्रिजकडे कमान. मग पहिल्या पाच खुणांपर्यंत वाद्य बरं वाजतं, आणि बाराव्या खुणेकडे जाल तसा रॉड मधल्या तारांवर डुलायला लागतो, पहिली आणि सहावी तार खरखरते. शिकणारा समजतो आपला हात कमकुवत आहे, जोर लावतो, आणि जोरानं सूर चढतो.

उपाय सोपा आहे. सॅडल काढा, ती बहुतेक गिटारमध्ये नुसती खाचेत बसवलेली असते. सपाट काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर पसरा आणि सॅडलची वरची कड त्यावर सरळ धरून कमान जाईपर्यंत घासा, शेवटी ४०० नंबरवर फिरवा. खालची कड घासायची नाही, वरचीच. तारा चढवून रॉड बाराव्या खुणेवर ठेवा, मागं मोबाईलचा टॉर्च लावा आणि बाजूनं बघा. रॉड आणि तार यांच्यात कुठं उजेड दिसतो का? जाड तारांकडे पातळी किंचित चढती असली तरी बिघडत नाही, रॉडही तेवढाच कलतो. मधे फुगवटा किंवा खळगा मात्र चालत नाही. हाच उजेडाचा प्रयोग नटाजवळही करा. एखादीच तार वर असेल तर तिची खाच बारीक कानशीनं थोडी खोल करायची. एखादी खाली असेल तर मात्र बाकीच्या पाचही खोल कराव्या लागतात, म्हणून घाई करू नका.

हे हातानं जमणार नाही असं वाटत असेल तर मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवणाऱ्या, हाताला कागदाच्या जाडीएवढा फरकही बोटाला कळतो. गिटार त्यांचं रोजचं काम नसलं तरी 'सहाही तारांचे माथे एका पातळीत हवेत' एवढं सांगितलं की पुरे.

आता दुकानातली कोलकात्याची गिटार. हवाईयन गिटार भारतात रुजली ती मुख्यतः कोलकात्यात. हवाईचे टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब १९४० च्या दशकात तिथं राहून शिकवत होतं, त्यानंतर बंगाली घरांत हे वाद्य पेटीइतकं सहज आलं. त्यामुळे गिव्हसन, हॉबनर यांसारखे तिथले कारखानदार असली गिटार बनवत आले आहेत. अशा गिटारला नट मुळातच उंच आणि ब्रिज सपाट असायला हवा. 'हवा' म्हणतोय, कारण ते तपासल्याशिवाय धरून चालू नये. साध्या गिटारला उंच नट लावून हवाईयन म्हणून टांगलेलीही दिसते. लेबल काय म्हणतं ते सोडा आणि सॅडलवर पट्टी आडवी धरून बघा.

दुकानात जाताना चार वस्तू बरोबर न्या: मोजायची टेप, स्टीलची सहा इंची पट्टी, मोबाईलवर ट्यूनर आणि स्वतःचा रॉड. रॉड अजून नसेल तर दुकानातला जड, भरीव रॉड मागून घ्या. पोकळ नळी घेऊन तपासलं तर प्रत्येक वाद्य वाईट वाटेल.

पहिलं, माप. नटाच्या आतल्या कडेपासून बाराव्या खुणेपर्यंतचं अंतर आणि बाराव्या खुणेपासून ब्रिजच्या माथ्यापर्यंतचं अंतर सारखं हवं. साध्या गिटारमध्ये ब्रिज मुद्दाम किंचित मागं आणि तिरपा असतो, कारण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. इथं तार दाबायचीच नाही, म्हणून बरोबर निम्मं. २२.५ इंची वाद्यात बारावी खूण २८५.७५ मिलिमीटरवर येते, पहिली ३२ मिलिमीटरवर. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालवून घ्या, रूपांतर केलेल्या घरच्या गिटारमध्ये तो असतोच. चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर ते वाद्य तुमच्या डोळ्यांना रोज चुकीची जागा शिकवणार. कानानं पडताळायचं तर बाराव्या खुणेवर तारेला बोट अलगद लावून हार्मोनिक (खुल्या तारेच्या वरच्या सप्तकातला घंटेसारखा सूर) काढा, मग त्याच जागी रॉड ठेवून सूर काढा. दोन्ही ट्यूनरवर एकच यायला हवेत. रॉडचा मध्य खुणेच्या बरोबर वर हवा, आणि बघताना डोळा त्याच्या सरळ वर. तिरकं बघितलं तर तपासणीच चुकते.

दुसरं, खुंट्या. प्रत्येक खुंटी अर्धा फेरा उलटी फिरवा आणि पुन्हा सुलट. सुलट फिरवताना पहिला थोडा भाग तार हलतच नसेल तर दात सैल आहेत. थोडी सैल खुंटी चालते, सूर नेहमी खालून वर लावत आणलं की निभावतं. पण सुरात आणून तार तीन-चारदा जोरात छेडल्यावर सूर उतरत असेल, तर कारण एक तर खुंटी आहे किंवा नटाच्या खाचेत अडकणारी तार. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पुन्हा बघा. त्यानं थांबलं तर दोष खाचेचा, म्हणजे फुकटात सुटला.

तिसरं, खरखर. रॉड तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या खुणेवर ठेवून सहाही तारा एकेक वाजवा. एकच तार सगळीकडे खरखरली तर पातळीचा दोष. सगळ्याच तारा थोड्या खरखरल्या तर रॉड हलका किंवा हात फार उचललेला. एका विशिष्ट सुरालाच, मग तो कुठल्याही तारेवर असो, गुणगुण येत असेल तर वाद्यातलं काहीतरी सुटं आहे: खुंटीचा स्क्रू, पिकअपची चौकट, आतली पट्टी. पहिले दोन दोष स्क्रू ड्रायव्हरनं मिटतात, पट्टीसाठी भाव कमी करून मागा.

इलेक्ट्रिक वाद्याला आणखी थोडं. मल्टिमीटर स्वस्तात मिळतो, आणि नाहीतर गावातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे असतोच. वाद्याला केबल जोडा, आवाजाचा नॉब पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेचं टोक आणि दांडा यांमध्ये रोध मोजा. ५ ते १५ किलोओहमच्या मधे काहीतरी दिसलं तर पिकअपची गुंडाळी शाबूत. २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास दिसलं तर तुम्ही नुसता नॉब मोजताय, पिकअपची तार आत तुटलेली आहे. शून्य दिसलं तर केबल किंवा जॅक शॉर्ट. जॅक आणि नॉब किरकोळ खर्चात बदलतात. पिकअप गेला असेल तर ते वाद्य घेऊ नका, सारख्या मापाचा दुसरा मिळवणं आपल्याकडे सोपं नाही.

ॲम्प्लिफायरला जोडून काही न वाजवता नॉब वरखाली फिरवा. चुरचुर आली तर धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. घूं असा आवाज येईल आणि तारांवर हात ठेवला की तो कमी होईल. हे चांगलं लक्षण, ब्रिजची अर्थची तार जोडलेली आहे. हात ठेवून काहीच फरक पडत नसेल तर ती तुटली आहे, डागडुजीचं काम. वाद्य थोडं फिरवल्यावर घूं बदलत असेल तर तो एका गुंडाळीच्या पिकअपचा स्वभावच आहे, तेवढ्यावरून नाकारू नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या मात्र ताबडतोब थांबा. दोष बहुधा वाद्यात नसून वीजजोडणीत असतो. उत्सवाच्या मांडवात तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा घुसवलेला असतो, अर्थ कुठंच नसतो. धातूच्या तारांवर दोन्ही हात ठेवून बसणाऱ्यानं आधी बोर्ड बघावा.

आता ऑनलाइनची २२.५ इंची. वाद्य म्हणून त्या मापात काही वाईट नाही. १९३० च्या दशकात रिकनबॅकर कंपनीची पहिली इलेक्ट्रिक गिटार 'फ्राइंग पॅन' याच मापात आली. प्रश्न हिशेबाचा आहे. परदेशी बनावटीचं वाद्य, वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि वर ॲम्प्लिफायर, हे १२,००० मध्ये बसवणं अवघड. बसलंच तर रॉड आणि तारांना पैसे उरत नाहीत. मंडळाच्या ॲम्प्लिफायरला थेट जोडू असं मनात असेल तर तेही ऐकून घ्या: माईकच्या सॉकेटात गिटारचा पिकअप घातला की आवाज बोदा येतो, कारण पिकअपला १ मेगओहमच्या आसपासचा इनपुट लागतो आणि माईकचा इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो. मधे हे दोन्ही जुळवून देणारा डीआय बॉक्स किंवा छोटा प्रीअँप घ्यावा लागतो. आणखी एक भानगड: छोटं, सपाट, सडपातळ वाद्य खुर्चीवर बसून वाजवायला केलेलं आहे. भजनाला मांडी घालून बसणार असाल तर ते घसरतं. खाली रबरी जाळीचा तुकडा ठेवावा लागतो. मोठ्या पेटीची गिटार मांडीवर आपसूक बसते.

माप लहान असलं की तारा ढिल्या पडतात हेही लक्षात ठेवा. तीच तार त्याच सुरात २५.५ इंचांऐवजी २२.५ इंचांवर लावली तर ताण साधारण २२ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून लहान मापाला जाड तारा लागतात. येणारं वाद्य साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या १०–४६ संचावर आलं, तर रॉडखाली तारा दबतात आणि सूर हेलकावे खातो. शिकणारे यालाच 'वाद्य वाईट' म्हणतात, आणि संच बदलला की वाद्य सुधारतं.

तारा कुठल्या घ्यायच्या हे सुरावर ठरतं. पेटीवाल्याला सांगायला सोपं जातं, म्हणून पट्टीतच सांगतो. मी सुरुवात पांढरी दोनच्या (डी) खुल्या मेळानं, म्हणजे नुसत्या मोकळ्या ताराच एकत्र जुळून वाजतील अशा लावणीनं, करायला सांगेन: जाड तारेपासून सा प सा ग प सा. साध्या गिटारवरून यायचं तर सहावी ई वरून डी, पाचवी ए आणि चौथी डी तशाच, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. म्हणजे एकही तार वर चढवायची नाही, सगळ्या उतरतात किंवा तशाच राहतात. जुन्या गिटारच्या ब्रिजला हे मानवतं. पांढरी तीनचा खुला मेळ, म्हणजे ओपन ई, बऱ्याच शिकवण्यांत दाखवतात. त्यात तीन तारा वर चढवाव्या लागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या प्लायवूडच्या गिटारला ते करू नका. मंडळ पांढरी चारमध्ये गात असेल तर तुमचा सा तिसऱ्या खुणेवर, पांढरी पाच असेल तर पाचव्या. सी सिक्स्थ नावाचा मेळही भेटेल, सा ग प ध सा ग असा. सुंदर आहे, पण त्याच्या तारा सुट्या जमवाव्या लागतात: पहिल्या तारेपासून १५, १८, २२, २४, ३०, ३६. बेळगावात नाही जमलं तर पणजी-मडगावला विचारा. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

सा प सा ग प सा या मेळात शुद्ध गंधाराची तार सतत मोकळी असते. अभंगाच्या कार्यक्रमाचा शेवट भैरवीनं व्हायचा, आणि तिथं कोमल गंधार लागतो. ही तार मागं गुणगुणत राहिली की सगळं कालवतं. तिसरी तार अर्धा सूर उतरवून घ्यायची, एफ शार्पवरून एफ. कार्यक्रमाच्या मधे हे पटकन व्हायला हवं, आणि खुंट्या एवढ्या बारकाईनं तपासायला सांगितलं त्याचं एक कारण हेही.

लाकडी गिटारला डी मेळासाठी १३–५६ चा ब्राँझ संच घ्या. गिटार जुनी, नाजूक असेल तर १२–५३. पिकअपच्या वाद्याला ब्राँझ लावू नका. चुंबकाला ब्राँझचं वेष्टण दिसत नाही, फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. परिणामी बारीक तारा मोठ्यानं आणि जाड तारा बारीक आवाजात वाजतात, आणि दुकानदार पिकअपचा दोष सांगतो. निकेलचा संच लावा.

रॉडवर थोडं जास्त लिहितो, कारण मला तरी स्वस्तातली सर्वांत मोठी सुधारणा हीच वाटते. वाद्याबरोबर फुकट मिळणारा रॉड बहुधा पोकळ किंवा हलका असतो. भरीव पोलादी हवा: जाडी १९ ते २० मिलिमीटर, लांबी ७० ते ७५, वजन १५० ते १८५ ग्रॅम. वजन असलं की हातानं जोर लावावा लागत नाही, आणि जोर न लावणं हीच या वाद्याची पहिली शिकवण. बेळगावकरांना इथं एक फायदा आहे. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाले आणि हायड्रॉलिकची कामं करणारे भरपूर. सिलिंडरचा २० मिलिमीटर हार्ड क्रोम रॉड मुळातच घासून गुळगुळीत केलेला असतो. त्याचा ७५ मिलिमीटरचा उरलेला तुकडा मागा, एक टोक अर्धगोल करून घ्या आणि दुसऱ्या टोकाची कड मारून घ्या. टोकावरचं क्रोम निघतं, तिथं गंज धरतो, म्हणून वापरल्यावर तेलाचं बोट फिरवायचं. क्रोम नको असेल तर स्टेनलेस ३०४ चा बार, पण मग १००० नंबरच्या पेपरपर्यंत पॉलिश करून बफ मारून घ्यायला सांगा. नखाला लागेल एवढाही ओरखडा असला तर सरकताना तारेवर सूं असा आवाज येतो. काचेची किंवा पितळी नळी घेऊ नका, ती बोटात घालून उभ्या गिटारवर वाजवायची असते.

तार छेडायच्या नख्या: अंगठ्याला प्लास्टिकची, तर्जनी आणि मध्यमेला धातूच्या. जास्त खर्च नको.

कशावर पैसे घालू नयेत? आठ तारा, दोन मानांची वाद्यं, पाय जोडलेली स्टँडवरची वाद्यं, 'सगळ्या साहित्यासह' असे संच, शिंपल्याची नक्षी. सहा तारा बास. ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीत या वाद्यावर आणलं आणि विश्वमोहन भट्टांनी पुढं गिटारला तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा केली, म्हणून तरफा असलेलं वाद्यही नवशिक्याला खुणावतं. वीसच्या आसपास तारा रोज मिळवत बसण्यात रियाजाचा वेळ जातो. आधी सहा सुरात राहू देत.

ऑनलाइन किंवा वापरलेलं वाद्य घ्यायचंच झालं तर विकणाऱ्याकडून एवढं मागा: टेप पसरून नट, बारावी खूण आणि ब्रिज एका चौकटीत दिसतील असा वरून काढलेला फोटो, ब्रिजचा बाजूनं काढलेला फोटो, आणि काही न वाजवता नॉब फिरवतानाचा व्हिडिओ. द्यायला टाळाटाळ केली तर पुढं जाऊ नका. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांची वाद्यं निपाणी-कोल्हापूरकडे अधूनमधून विकायला निघतात. पिकअप शाबूत असेल तर त्यांत चांगलं वाद्य सापडू शकतं.

तुमच्यासाठी क्रम असा: घरची गिटार स्टीलची आणि ब्रिज ठीक असेल तर उंच नट, सपाट सॅडल, नवीन तारा, रॉड आणि नख्या. एवढ्यात बहुतेक रक्कम शिल्लक राहते. चार-सहा महिन्यांनी मंडळात वाजवायची वेळ आली की त्याच गिटारच्या भोकात बसणारा पिकअप आणि छोटा ॲम्प्लिफायर घ्या. ब्राँझ जाऊन निकेल येईल एवढंच. घरची गिटार नायलॉनची किंवा सांध्यात उघडलेली निघाली तर दुकानातली कोलकात्याची, पण वरच्या तपासण्या करून, आणि रॉड-तारांसाठी २,५०० बाजूला काढून. पहिल्याच महिन्यापासून मांडवात बसायचं असेल तर मात्र ऑनलाइनच्या वाटेला लागण्याआधी थोडे पैसे आणखी जमवा.

तुमच्याकडचा पाऊसही हिशेबात घ्या. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला असाल तर जून ते सप्टेंबर गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, प्लायवूड ओल धरतं आणि गोंद सुटतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झाल्यावर तारांवर कोरडं फडकं. गंजलेल्या तारेवर रॉड घासला की तोही खराब होतो. घरच्या गिटारच्या ब्रिजचा बाजूनं काढलेला फोटो टाकलात तर सॅडल किती घासावी लागेल आणि मुळात ती घासण्याजोगी आहे का, ते सांगता येईल.